डाव संपू दे

पहिलं कुलूप मी 2024 च्या जूनमध्ये लावलं. शाळा सुरू व्हायला आठवडा होता आणि थोरला पाचवीत जाणार होता. त्याच्या जुन्या कंपासपेटीतलं काही चालण्यासारखं आहे का, ते बघायला ती उघडली, तर आत घडी घातलेली चिठ्ठी. तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे एका रांगेत, घाईघाईत लिहिलेले. मला वाटलं, शाळेचा काही पासवर्ड असेल. तो रिडीम कोड निघाला. मोबाइलच्या दुकानात रोख 80 रुपये द्यायचे, दुकानदार कोड लिहून देतो, तो फोनमध्ये घातला की खेळातले हिरे मिळतात. हिऱ्यांवर खेळातल्या माणसाला नवे कपडे घेता येतात, बंदुकीचा रंग बदलता येतो. अशा तीन चिठ्ठ्या होऊन गेल्या होत्या. पैसे आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चित्रकलेच्या वहीसाठी म्हणून दिलेले. तीन वह्यांचे पैसे गेले आणि घरात एक चित्र नाही, याचा संशय कुणालाच आला नव्हता.

मी इथे विट्यात एका पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. लोक कर्ज कशासाठी म्हणून काढतात आणि कुठे लावतात, हे बघायचाच मला पगार मिळतो. म्हशीसाठी पैसे उचलून मोटारसायकल आणणारे माझ्या नजरेतून सहसा सुटत नाहीत. आणि माझ्याच घरात वहीच्या नावावर हिरेखरेदी चालली होती. पोराचा आला त्यापेक्षा मला स्वतःचाच राग जास्त आला. त्या रागातच रात्री जेवणं झाल्यावर त्याचा फोन घेऊन बसले.

फोन त्याच्याकडे आला कसा, हेही सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष पोराच्या माथी जाईल. माझे मिस्टर गलाईवाले आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी आमच्या भागातली माणसं देशभर पसरलेली आहेत. यांचं दुकान तामिळनाडूत, सालेमला. लॉकडाउनमध्ये 2020 साली ते सहा महिने घरी होते. पोरगा तेव्हा पहिलीत. शाळा फोनवर भरायची, म्हणून एक जुना फोन त्याच्या हातात दिला. शाळा पुन्हा इमारतीत भरायला लागली, मिस्टर सालेमला परतले आणि फोन पोराकडेच राहिला, कारण आता त्याच्यावर रोज रात्री बापाचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिल्यांदा शाळा त्या फोनमध्ये होती, मग बाप आला. खेळ तिसरा आला. आम्ही नुसत्या खेळाला नावं ठेवत बसलो.

तर कुलूप. गुगलचं फॅमिली लिंक म्हणून ॲप आहे, 2017 पासून. आयफोनवाल्यांना स्क्रीन टाइम आहे, तोही साधारण त्याच जातीचा. आपल्या फोनवर पालकाचं ॲप, मुलाच्या फोनवर मुलाचं खातं, आणि मग आपण दुरून ठरवायचं: दिवसाला किती वेळ, रात्री कधीपासून सकाळपर्यंत बंद, कुठल्या ॲपला किती मिनिटं. नवीन काही डाउनलोड करायचं किंवा विकत घ्यायचं झालं तर आपल्याला विचारणा येते आणि आपण होय म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. मी एका बैठकीत सगळं उरकलं. शाळेच्या दिवशी एक तास, रविवारी दोन, रात्री नऊ ते सकाळी सहा बंद. शेवटचं बटण दाबलं तेव्हा तिजोरीला दोन्ही किल्ल्या लावून घरी निघाल्यासारखं वाटलं.

पहिले पंधरा दिवस मी पतसंस्थेत सगळ्यांना ते ॲप दाखवत होते. आमच्या कॅशियरताईंनी माझ्याकडून लिहून घेतलं, त्यांच्या पुतण्याच्या फोनला लावलं. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

कुलपातही साधा फोन करता येतो. त्यामुळे पुढच्या महिन्यात मला दुपारी फोन यायला लागले. "मम्मी, फक्त पंधरा मिनिटं." समोर माणूस जामीनदाराचे कागद घेऊन उभा, आणि माझ्या कानात हे. ॲपमध्ये जादा वेळ द्यायची सोय आहे. दोनदा दिला, तिसऱ्यांदा नाही दिला. चौथ्यांदा विचारणा आली ती कारणासकट: "मराठीचा प्रोजेक्ट आहे." मी विचारलं, कशावर. "संतांवर." कुठल्या? थोडा वेळ शांतता. "सगळ्याच." मला तिथल्या तिथे हसू फुटलं आणि मी वीस मिनिटं देऊन टाकली. इथे माझं चुकलंच. पोराला कळलं की अर्ज बरा लिहिला तर मंजूर होतो. त्यानंतरच्या महिन्यात त्याने मला अभ्यासातली जेवढी कारणं सांगितली, तेवढा अभ्यास त्याने त्या वर्षात केला नसेल. संध्याकाळी घरी आल्यावर तो माझ्याशी बोलायचा तेही याच विषयावर. डब्यात काय होतं, बाईंनी काय शिकवलं, भांडण कुणाशी झालं, हे सगळं बंद. माझ्याकडे अर्ज घेऊन येणाऱ्यांत आता माझा मुलगाही होता.

मग एके रात्री सालेमहून कॉल आला तो लागलाच नाही. दुकान बंद करून, जेवून ह्यांचा कॉल यायचा तो नऊच्या पुढेमागे. त्या दिवशी नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. थोरला आणि धाकटी दोघं फोन मांडीवर घेऊन बसलेली, आणि पडद्यावर कुलूप. कुठली ॲप कुलपातून वगळायची, याची यादी करता येते. मी ती उघडूनही बघितली नव्हती. हे तिकडे घाबरले, मला फोन केला. मी काय झालं ते सांगितलं. थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे मी पण नऊला बंद?"

त्याला उत्तर नव्हतं. कुलूप साडेनऊवर सरकवलं, व्हिडिओ कॉलचं ॲप यादीत घातलं. वर, मन राखायला म्हणून, ह्यांनाही दुसरा पालक म्हणून त्या ॲपमध्ये जोडून घेतलं. ह्यात वरातीमागून घोडं कुठलं आणि वरात कुठली, ते मला पंधरवड्याने कळलं.

लांब राहणाऱ्या बापाला नाही म्हणता येत नाही. ती त्यांची चूक नाही, वर्षातून दोनदा घरी येणाऱ्या माणसाने नकार द्यावा तरी कधी? पोराने हे आमच्या कुणाही आधी ओळखलं. मी नाही म्हटलं की तो सालेमला फोन लावायचा. हे तिथे मुशीपुढे बसलेले, एका हाताने फोन काढून अर्धा तास देऊन टाकायचे. आमच्या शाखेने फेटाळलेलं कर्ज दुसऱ्या शाखेतून उचलावं, तसं. मला कळलं ते त्या ॲपमधल्या आठवड्याच्या हिशेबातून: मंगळवारी एक तास मर्यादा, वापर दोन तास दहा मिनिटं. त्या रात्री आमचं चांगलंच वाजलं. आवाज न चढवता, कारण पोरं शेजारीच झोपलेली. मिस्टर एवढंच म्हणाले, की मी त्याच्यासाठी इथून आणखी काय करू शकतो ते सांग. शेवटी ठरलं: ज्याने नाही म्हटलं, त्यालाच पुन्हा विचारायचं. हा नियम पोरासाठी नव्हता, आम्हा दोघांसाठी होता.

दुसरं भोक घरातच होतं. आत्यांना दुपारी यूट्यूबवर कीर्तन लागतं. इंदुरीकर महाराज त्यांचे आवडते. हसत हसत गहू निवडतात. एके दिवशी मी दमून आले तर त्या फोन हातात धरून काळजीत. "अगं, ह्याला काय झालंय बघ की. महाराज लावायला गेलं की बंदुका वाजत्यात." बघितलं, तर यूट्यूबने पुढे मांडलेल्या व्हिडिओंत कीर्तन एक आणि खालचे नऊ त्या खेळाचे. कुठल्या बेटावर कुठे उतरावं, कुठली बंदूक चांगली. फोन बिचारा प्रामाणिक होता. ज्याला जे आवडतं ते तो देत होता, आणि आत्यांना बंदुका आवडतात असा त्याचा समज झाला होता. खेळही आत्यांच्या फोनवर घातलेला होता, चौथ्या पानावर, एका फोल्डरमध्ये. फोल्डरचं नाव काय, तर "हरिपाठ".

रागवावं की टाळी द्यावी, कळेना. आत्यांनी मात्र निकाल लावला. त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि त्या नावासाठी दुसरा.

पण हे सगळे डावपेच एकीकडे. ज्या दिवसाने मला खरं काय ते कळलं, तो ऑगस्टमधला एक साधा बुधवार होता. मी साडेसहाला आले, चहा ठेवला. तो सोप्यात कॉटवर बसून खेळत होता. मी आतून बघत होते. अंग पुढे झुकलेलं, दोन्ही अंगठे चाललेले, ओठ दातात. सात वाजून काही मिनिटं झाली असतील, आणि एकदम सगळं थांबलं. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. ताट धरावं तसा दोन्ही हातांत फोन धरून तो नुसता बसून राहिला. पडद्यावर माझं कुलूप. मी म्हटलं, झाला का वेळ? तो म्हणाला, "मम्मी, तिघंच राहिले होते."

मला काही समजलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला तो डबा न संपवताच. त्याच्या चौघांच्या गटातले तिघं वर्गातलेच. त्यांनी त्याला डब्याला शेजारी बसू दिलं नव्हतं. तो ऐन वेळी "पळून गेला" होता.

त्या रविवारी मी पहिल्यांदा त्याच्याशेजारी बसले आणि म्हटलं, मला दाखव. तोवर मी तो खेळ दोन महिने बंद करत होते, पण एकदाही पाहिला नव्हता. पन्नास जण विमानातून एका बेटावर उतरतात. हातात काही नसतं. घरं शोधायची, जे सापडेल ते उचलायचं. नकाशावर एक वर्तुळ असतं, ते लहान लहान होत जातं, बाहेर राहील तो मरतो. शेवटी जो गट उरेल तो जिंकला. एक डाव दहा-पंधरा मिनिटांचा. माझ्या भाच्याच्या खेळात शंभर जण असतात आणि डाव अर्ध्या तासाकडे जातो. पोरगं मला समजावून सांगत होतं, "ह्याला रिव्हाइव्ह करायला लागतंय, नाहीतर तो गेला." एकाला गोळी लागली तर दुसऱ्याने जाऊन त्याला उठवायचं, तेवढा वेळ तिसऱ्याने पहारा द्यायचा. मध्येच एकाचा फोन बंद पडला, तर उरलेले तिघं भर मैदानात उघडे.

आणि मला एकदम आमचा ओटा आठवला. मे महिन्याच्या सुटीत आम्ही भावंडं मेंढीकोट खेळायचो. आत आई कणीक मळून बसलेली. एक हाक, दोन हाका. तिसऱ्या हाकेला आम्ही एका सुरात, "आलो, एवढा डाव संपू दे!" माझे वडील कडक होते, त्यांचा हात चालायचा. पण कुणाची तरी दहिली पकडायची बाकी आहे आणि त्यांनी पानं उधळली, असं एकदाही झालं नाही. उलट दारात उभे राहून पानं बघायचे आणि भावाला डोळ्याने खुणवायचे. डाव अर्ध्यावर मोडणं, हे रागावलेली माणसंही करत नव्हती.

माझ्या कुलपाला मिनिटं कळत होती. डाव कळत नव्हता. दोष कुलपाचा नाही; त्याला मिनिटं मीच सांगितली होती.

आता हे कळूनही पुढे काय करायचं, ते सुचत नव्हतं. डाव संपेपर्यंत खेळू द्यायचं म्हटलं, तर एका डावाच्या शेपटाला दुसरा डाव लागलेलाच असतो. घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. जाऊबाई म्हणाल्या, व्यसन लागलंय त्याला, फोन विहिरीत टाका. आमच्याकडे व्यसन हा शब्द फार स्वस्त झालाय. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या आजाराला आपल्या रोगांच्या यादीत जागा दिली आहे, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, हे मी वाचलं होतं. पण त्यात काय धरलंय? खेळण्यावर ताबाच राहत नाही, बाकी सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे सहसा वर्षभर चाललेलं असावं लागतं. आमचा पोरगा क्रिकेटला हाक आली की फोन टाकून पळत होता. त्याला आजार नव्हता, त्याला हिरे हवे होते. ज्या घरात खरंच तसं असेल त्यांनी डॉक्टर गाठावा. बंगळुरूच्या निम्हान्सने यासाठी वेगळं क्लिनिक 2014 पासून चालवलंय. पण प्रत्येक पोराला आजारी ठरवून आपण आपली सुटका करून घेतो, असं मला वाटतं.

दुसऱ्या टोकाची गंमत माझ्या भाच्याकडे. त्याचा पबजी 2020 च्या सप्टेंबरात सरकारने बंद केला, त्याच्या जागी बीजीएमआय आला, तोही 2022 मध्ये दुकानातून काढला आणि 2023 च्या मे महिन्यात परत सोडला, तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. वहिनी समाधानाने म्हणाली, "बघ, आता सरकारनंच तीन तास ठरवून दिलेत." तीन तास! मर्यादा म्हणून घातलेला आकडा त्या घरात हक्क होऊन बसला.

दिवाळीत मावशीकडे गेलो, मोहित्यांच्या वडगावला. कडेगाव तालुक्यातलं आमच्या सांगली जिल्ह्यातलंच गाव. तिथे 2022 च्या ऑगस्टपासून ग्रामपंचायतीने संध्याकाळी सातला भोंगा सुरू केला. तो वाजला की साऱ्या गावाने फोन आणि टीव्ही बंद करायचे, साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. सुरुवातीला अंगणवाडीताई, शिक्षक घरोघर जाऊन बघायचे. पेपरात फोटो येऊन गेले होते, पण मावशीचं गाव म्हणजे आपल्याला काय त्याचं अप्रूप असतं! त्या दिवशी आम्ही अंगणात बसलो होतो आणि भोंगा झाला. मावशीच्या नातवाने फोन खिशातून काढला, आत जाऊन कपाटावर ठेवला, आला. काका बातम्या बघत होते, त्यांनी टीव्ही बंद केला, थोडे कुरकुरले. कुणाचाही फोन लॉक झाला नव्हता. नुसता आवाज झाला होता.

थोरल्याला तो प्रकार काही पटेना. त्याने मावशीच्या नातवाला विचारलं, "पण डाव चालू असला तर?"

तो पोरगा याच्याहून दोनेक वर्षांनी मोठा. म्हणाला, "सात वाजायच्या आधी अर्धा तास मांडतोय कशाला मी?"

मी भांडी घेऊन आत चालले होते, तिथेच थबकले. चार महिने मी डाव कुठे मोडायचा, याच्यावर डोकं खपवत होते. कुठे मांडायचा नाही, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

विट्याला परत आल्यावर आम्ही तिघांनी, म्हणजे मी, तो आणि स्पीकरवर सालेम, बसून ठरवलं. मिनिटांचा हिशेब बंद. शाळेच्या दिवशी चार डाव, रविवारी सहा. संध्याकाळी साडेसातनंतर नवा डाव मांडायचा नाही. मांडलेला पुरा करायचा. ॲपमधली रोजची मर्यादा काढून टाकली नाही, पण पावणेदोन तासांवर सैल सोडली, म्हणजे ती सहसा आड येत नाही. हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयवर, त्या-त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या लिटरशेजारी. डाव झाला की एक रेघ. रेघ त्याने मारायची.

वाद झालेच. पहिल्याच आठवड्यात प्रश्न आला: विमानातून उतरल्या उतरल्या मेलो, तर तो डाव धरायचा का? मी म्हटलं, धरायचा. तो म्हणाला, अन्याय आहे. धाकटीने, ती तेव्हा सात वर्षांची, तोडगा काढला: अर्धी रेघ. तेव्हापासून आमच्या कालनिर्णयवर अर्ध्या रेघाही आहेत. महिनाअखेरीला दूधवाल्याचा हिशेब करताना एकदा मी तीन अर्ध्या रेघा दुधात धरल्या आणि वीस रुपयांचा वाद घातला. त्याबद्दल दूधवाल्याची माफीही मागितली.

तो रेघा चोरत नाही का? चोरतो. एका मंगळवारी चौकोनात चार होत्या आणि ॲपच्या हिशेबात दीड तास. मी काही बोलले नाही, ॲप उघडून फोन फक्त त्याच्यासमोर ठेवला. त्याने जाऊन पाचवी रेघ मारली आणि बुधवारची एक कमी केली. पतसंस्थेत याला आम्ही समायोजन म्हणतो. ॲप आता मला एवढ्याचसाठी लागतं: लेखापरीक्षक म्हणून. रोजच्या व्यवहारात लेखापरीक्षक काउंटरवर बसवायचा नसतो.

तीन गोष्टी मात्र अजून कुलपातच आहेत, आणि त्यांच्यावर चर्चा नाही. रात्री साडेनऊनंतर फोन बंद. काहीही विकत घ्यायचं तर मला विचारणा आलीच पाहिजे. शिवाय रिडीम कोडची खरेदी वर्षातून एकदा, वाढदिवसाला, माझ्यासोबत दुकानात जाऊन. आणि तिसरी कुठल्याच ॲपमध्ये नसलेली: खेळायचं ते सोप्यात बसून, इअरफोन न लावता. ही तिसरी का, तर मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी भाजी निवडत होते आणि फोनमधून आवाज आला. पोराचा नव्हे, बाप्या माणसाचा, हिंदीत. कुठे राहतोस, शाळा कुठली, व्हॉट्सॲप नंबर सांग, हिरे पाठवतो. गटात चौथा मित्र आला नव्हता म्हणून खेळाने कुणीतरी अनोळखी जोडून दिला होता. माझ्या हातातली मेथी तशीच. थोरला म्हणाला, "भैया, मम्मी बाजूला बसलीय," आणि तो आवाज गेला. ह्या संभाषणाचा कुठल्याही आठवड्याच्या हिशेबात मागमूस नव्हता. तिथे नुसतं लिहिलेलं होतं, चव्वेचाळीस मिनिटं. त्यानंतर अनोळखी माणूस गटात आला की माइक बंद, हे त्याने स्वतःच सुरू केलं. मी कान मात्र उघडे ठेवते. बंदुकांच्या आवाजाने डोकं उठतं, आत्या रोज मला बोलतात, पण इअरफोन नाही म्हणजे नाही.

मिस्टरांनी सालेमला तो खेळ आपल्या फोनवर घेतलाय. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा दोघं एका गटात उतरतात. ते उतरताच मरतात. पोरगा त्यांना उठवायला धावतो आणि तोही मरतो, मग दोघं एकमेकांना दोष देत हसतात. आत्यांना वाटतं, बाप-लेक रोजच्यासारखे फोनवर बोलतायत. त्यांचं अगदीच चुकतंय असं नाही.

आज रविवार आहे. कालनिर्णयच्या चौकोनात पाच रेघा आहेत, त्यातली एक अर्धी. साडेसात वाजून गेले होते म्हणून राहिलेले डाव मांडता आले नाहीत. राहिलेले उद्यात धरायचे का, असं त्याने मला विचारलं. मी नाही म्हटलं. नियम मोडून त्याने सालेमला फोन लावला, दोन मिनिटं बोलला आणि फोन आणून फ्रिजवर ठेवला. तिकडूनही नाहीच आलं होतं.